चाळिशीतलं निदान

आर्वी, हिंगणघाट, सेलू. वर्धा जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या आणि तिथे १९८५ साली जन्मलेल्या एखाद्या मुलाची कल्पना करा. बोलायला वेळेवर लागला, वाचायला तर वर्गात सगळ्यांच्या आधी. रेल्वेचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ. पण खेळायला बोलावलं तर येत नसे, आलाच तर नियमांवरून भांडून परत जात असे. स्वेटर टोचतो म्हणून थंडीत उघडा बसे. तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत वाजंत्री सुरू झाली की नंदीबैल तिथेच टाकून, कानांवर हात घेऊन घराकडे पळत सुटे. गुरुजी म्हणत, हुशार आहे पण लक्ष नाही. शेजारी म्हणत, घुम्या आहे. पोरं सरळ ‘भैताड’ म्हणत. दवाखान्यात न्यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता आणि पास तर तो दरवर्षी होत होता.

आता या मुलाच्या वयाशेजारी वैद्यकाच्या आणि कायद्याच्या तारखा ठेवून पाहा. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात बालवयातल्या स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली, त्याच्या जन्माच्या जेमतेम पाच वर्षं आधी. चांगलं बोलणाऱ्या, शाळेत पुढे असणाऱ्या मुलांमध्येही हे असू शकतं हे सांगणारं ‘ॲस्पर्गर’ हे निदान त्या पुस्तकात आलं १९९४ मध्ये. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दहाव्या वर्षी, १९९५ मध्ये, भारतात अपंगांसाठीचा कायदा झाला. त्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं आणि स्वमग्नता त्यात नव्हती. चौदाव्या वर्षी नॅशनल ट्रस्टचा कायदा आला, त्यात ती होती. तो अठ्ठावीस वर्षांचा झाला तेव्हा, २०१३ मध्ये, ॲस्पर्गर आणि बाकीचे कप्पे मोडून एकच ‘स्पेक्ट्रम’ मानला गेला. एकाच माणसात स्वमग्नता आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात हेही तेव्हाच मान्य झालं. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार एकवीस केले आणि त्यात ऑटिझम स्पेक्ट्रम आला, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता.

म्हणजे तो शाळेच्या बाकावर बसलेला असताना त्याला ओळखू शकेल अशी नजरच आजूबाजूला तयार झालेली नव्हती. यात आईबापांचा दोष नाही, गुरुजींचाही नाही. मेंग-चुआन लाय आणि सायमन बॅरन-कोहेन या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त अशा माणसांना ‘हरवलेली पिढी’ म्हटलं. ब्रिटनमध्ये लोर्ना विंग १९८१ पासून अशा माणसांकडे लक्ष वेधत होत्या, तरीही तिथेसुद्धा हजारो जण सुटले. मग आर्वीची काय कथा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तेरा लाख होती. ही मोजणी नव्हे, नुसता भागाकार आहे, पण उत्तर दहा हजारांच्या घरात जातं. त्यातली बरीच माणसं आज प्रौढ आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी जिनिंगवर हिशेब लिहितो, कुणी घरातली थोरली सून आहे. बहुतेकांना आपल्याविषयी एवढंच ठाऊक असतं की बाकीच्यांना जे आपोआप जमतं ते आपल्याला दर वेळी मुद्दाम जमवावं लागतं.

मग हे कळतं कसं? पुष्कळदा पोटच्या पोरामुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता आहे. मुलाला पुढच्या तपासणीसाठी पाठवलं जातं, आईबाप समोर बसतात, तज्ज्ञ एकेक प्रश्न विचारू लागतात. त्याच त्याच वस्तू रांगेत लावतो का? ठरलेला रस्ता बदलला तर रडतो का? आणि उत्तरं देता देता बापाच्या लक्षात येतं की हे सगळं आपलंही होतं. हा योगायोग नसतो. पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वमग्नतेतला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचं त्यातून दिसलं. एकेकाळी आईच्या थंड वागण्याने मुलं अशी होतात असं विद्वान छातीठोकपणे सांगत. ब्रुनो बेटेलहाइमचं १९६७ सालचं पुस्तक याच समजावर उभं होतं, आणि त्याने जगभरच्या आयांना विनाकारण अपराधी केलं. आनुवंशिकतेच्या अभ्यासांनी तो समज पुरता मोडीत काढला.

दुसरा रस्ता नैराश्यातून जातो. झोप लागत नाही, नोकरीत मन लागत नाही, सारखी भीती वाटते म्हणून माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे जातो. गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, पुन्हा तेच. अशा वेळी एखादा डॉक्टर लहानपणाबद्दल विचारतो आणि धागा सापडतो. हा धागा हाती लागायला वर्षं जातात, कारण बाहेरून पाहणाऱ्याला सामाजिक भीती, मंत्रचळ आणि स्वमग्नता सारखीच दिसू शकते, शिवाय ती एकत्रही असतात. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून स्वमग्नता कळत नाही. पन्नास किंवा ऐंशी प्रश्नांच्या प्रश्नावल्या मोबाइलवर सहज मिळतात. त्यांचा उपयोग शंका घेण्यापुरता. निदान होतं ते बालपणाचा सविस्तर इतिहास ऐकून आणि माणसाकडे तासन्‌तास नीट पाहून.

आणि निदान झाल्यावर? पहिली भावना बहुधा सुटकेची असते. स्कॉटलंडची गायिका सुझन बॉइल हिच्या जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला म्हणून तिच्या मेंदूला इजा झाली आहे, असं तिच्या घरच्यांना सांगितलं होतं. तो शिक्का घेऊनच ती शाळेत गेली, मुलांची चेष्टा सोसत मोठी झाली. पन्नाशी ओलांडल्यावर तिला कळलं की आपल्याला ॲस्पर्गर आहे. २०१३ च्या डिसेंबरात तिने हे जाहीर केलं तेव्हा तिच्या बोलण्यात दुःखापेक्षा हायसं वाटणंच जास्त होतं. आधीचा शिक्का चुकीचा होता, हे तिच्या लेखी मोठं होतं. निसर्गविषयक कार्यक्रम करणारे ब्रिटनचे ख्रिस पॅकहॅम यांना २००५ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी निदान मिळालं, आणि त्याबद्दल ते उघडपणे सविस्तर बोलले ते २०१७ च्या माहितीपटात. मधली बारा वर्षं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. स्वतःला कळणं आणि चारचौघांना सांगता येणं यांत एवढं अंतर पडू शकतं, तेही नावाजलेल्या, पैसा आणि मान असलेल्या माणसाच्या बाबतीत.

सुटकेमागून राग येतो. वीस वर्षं आळशी, तिरसट, माणूसघाणा म्हणून जो मार खाल्ला त्याचा राग. मग हळहळ. आधी कळलं असतं तर दुसरी शाखा घेतली असती, ती नोकरी सोडली नसती, बायकोशी त्या दिवशी तसं बोललो नसतो. ही हळहळ कुणी ‘आता झालं ते झालं’ म्हणून दाबू नये. आयुष्यातले जुने प्रसंग एकेक करून पुन्हा तपासावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी मोठेपणी ॲस्पर्गरचं निदान झालेल्या ३७४ जणांना विचारलं होतं. त्यांतल्या ६६ टक्क्यांनी सांगितलं की आयुष्य संपवण्याचा विचार कधी ना कधी मनात येऊन गेला आहे. हा अभ्यास २०१४ चा. ज्या विदर्भाने आत्महत्यांचं दुःख इतकं जवळून पाहिलंय तिथे हा आकडा वाचून पान उलटता येणार नाही. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फुकटचा नंबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्या प्रत्येकाला तो माहीत असावा.

बायकांची गोष्ट आणखी अवघड. पूर्वी मानत की एका स्वमग्न मुलीमागे चार मुलगे असतात. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रमाण तिनाजवळ आलं, आणि मुली निदानातून निसटतात हेही स्पष्ट झालं. निसटतात, कारण मुलीला लहानपणापासून वागायचं कसं ते शिकवलंच जातं. पाहुण्यांकडे पाहून हस. मोठ्यांच्या पाया पड. उलट बोलू नको. स्वमग्न मुलगी हे सगळं पाठ करते, समोरच्याच्या चेहऱ्यावरून पुढचं वाक्य ठरवते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच घरं करून आली की रात्री अंधाऱ्या खोलीत डोकं धरून पडते. घरचे म्हणतात, एवढं काय केलं हिने? लग्नात डीजेच्या भिंतीसमोर दोन तास उभं राहणं, भरल्या घरात एकटं बसायला कोपरा नसणं, सगळ्यांच्या नजरेसमोर न आवडणाऱ्या लिबलिबीत भाजीचा घास गिळणं, या तिच्यासाठी खऱ्याखुऱ्या वेदना असतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि घराघरांत कूलर घरघरू लागतो. त्या आवाजाने कुणी स्वमग्न माणूस वेडापिसा होतो, तर कुणाला नेमका तोच एकसुरी आवाज शांत करतो. ज्याचं त्यालाच विचारावं लागतं.

हे सतत दुसऱ्यासारखं वागणं माणसाला पोखरतं. निदानानंतरचं स्वतःशी जुळवून घेणं म्हणजे मुख्यतः यातलं काय सोडून द्यायचं ते ठरवणं. पण ते एकट्याने ठरवता येत नाही. सुनेने हळदीकुंकवाला जायचं सोडलं तर सासूला ते चालणार आहे का? कारकुनाने सूचना लेखी मागितल्या तर साहेब त्या देणार आहे का? स्वमग्न माणसाने स्वतःला स्वीकारावं असा उपदेश सगळे करतात. खरा प्रश्न भोवतालच्यांच्या तयारीचा आहे.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात सापडतं. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, तिथून स्वमग्नतेचा वैद्यकीय इतिहास मोजतात. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, जन्म १९३३. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन वर्षांच्या डोनाल्डला संस्थेत ठेवलं होतं. वर्षभराने आईबापांनी त्याला परत आणलं आणि बापाने कॅनरना तेहेतीस पानांचं पत्र लिहिलं. पुढे काही वर्षं तो लुइस नावाच्या शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. लुइसने तो नाद मोडायचा प्रयत्न केला नाही. विहीर किती खोल गेली ते मोजायला लावलं, मक्याच्या ओळी सारख्या मोजतो म्हटल्यावर नांगर हाती देऊन ओळी मोजत नांगरायला लावलं. कॅनर स्वतः तिथे जाऊन हे पाहून आले आणि त्यांनी त्याची नोंद केली.

डोनाल्ड पदवीधर झाला, आईच्या माहेरच्यांच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर हिंडला, आणि २०२३ च्या जूनमध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. जॉन डॉनव्हन आणि कॅरन झकर हे पत्रकार त्याच्या शोधात फॉरेस्टला गेले तेव्हा गावातल्या एकाहून अधिक लोकांनी त्यांना बजावलं, की डोनाल्डला त्रास झाला तर गाठ आमच्याशी आहे. त्याचं विक्षिप्त वागणं गावाने केव्हाच अंगवळणी पाडून घेतलं होतं. हेही खरं की घर श्रीमंत होतं, बँक घरची होती. त्याच गावात गरीब कृष्णवर्णीय घरात तो जन्मला असता तर त्याची कहाणी कुणी लिहिली नसती. तरी लुइस जोडप्याने जे केलं त्याला पैसा लागला नव्हता. कापसाच्या तासांमध्ये ते आजही करता येईल.

वर्ध्याला हे सांगावं लागू नये. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले, पुढे गावाचं नाव सेवाग्राम झालं. आश्रमाचा दिवस पहाटे चारपासून घंटेवर चाले, प्रत्येकाचं काम नेमलेलं असे. तिथल्या जयकृष्ण भन्साळींनी मौन मोडू नये म्हणून एकेकाळी ओठ तारेने शिवून घेतले होते. कच्चं पीठ आणि कडुलिंबाचा पाला यांवर ते राहिले. १९४२ च्या चिमूर-आष्टी प्रकरणानंतर चौकशीसाठी त्यांनी ६३ दिवसांचा उपवास केला. म्हणून त्यांना आज स्वमग्न ठरवू नये. मेलेल्या माणसांचं निदान करण्याचा सध्याचा छंद वाईट आहे. आइन्स्टाइन, न्यूटन कुणाला सोडलेलं नाही. एवढंच म्हणता येतं की चारचौघांसारख्या नसलेल्या माणसाला आपल्या पद्धतीने राहू देणारी एक जागा या जिल्ह्यात होती. आणि १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीमने हातांच्या कामातून शिकवायचं ठरवलं, तेव्हा बोलण्यापेक्षा करण्यातून शिकणाऱ्या मुलालाही तिथे जागा होती.

स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही, हा जुना सिद्धांत. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये तो उलटा फिरवला. गैरसमज दोन्हीकडून होतो, असं त्यांचं म्हणणं. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्पटन आणि सहकाऱ्यांनी ते प्रयोगाने तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती तितकीच टिकली जितकी सगळे अस्वमग्न असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तिचे तपशील भराभर गळाले. नवऱ्याला ‘तुला कळतच नाही’ असं ऐकवणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रयोग सांगावा. त्याला कळत नाही तेवढंच बाकीच्यांनाही तो कळत नाही.

सरकारी व्यवस्थेच्या डोळ्यांपुढे मात्र स्वमग्न माणूस दोनच रूपांत येतो. एक, अठराच्या आतलं तपासणीचं मूल. दुसरं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ज्याला पालक नेमून देते तो, स्वतःचा व्यवहार न सांभाळू शकणारा प्रौढ. दुसऱ्या रूपाला ती मदत हवीच असते. पण स्वतः कमावणारा, गाडी चालवणारा, तरीही रोज संध्याकाळी थकून कोसळणारा चाळिशीचा माणूस या दोन्हींत बसत नाही. ज्या आयएसएए मोजपट्टीवर ऑटिझमची तीव्रता मोजतात तिच्यात चाळीस प्रश्न आहेत. सत्तरच्या खाली गुण आले तर ती स्वमग्नता धरत नाही. आयुष्यभर डोळ्याला डोळा भिडवायची सवय केलेल्या माणसाचे गुण कमी भरणार हे उघड आहे. म्हणजे ज्याने जास्त कष्टाने लपवलं त्याला कागद मिळणं जास्त कठीण. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी नोकरीत एक टक्क्याच्या राखीव गटात जागा आहे, प्राप्तिकरात सवलत आहे. त्याच २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी देण्याची जबाबदारी टाकली आहे. सोयी तरी कोणत्या? लेखी सूचना, ठरलेली खुर्ची, अचानक बदली नको, बैठकीचा विषय आदल्या दिवशी कळावा. तिजोरीतून काही जात नाही.

उपचाराच्या नावाखाली तिजोरी रिकामी करणारे मात्र टपलेलेच आहेत. स्वमग्नतेवर स्टेमसेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं. मूळ स्वमग्नता घालवणारं औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर, चिंतेवर, निद्रानाशावर आहे, आणि ते जरूर घ्यावं.

वर्ध्यात साधनं नाहीत असं नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभी केलेली सेवाग्रामची वैद्यकीय संस्था आहे, सावंगी मेघेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. त्यामुळे ‘नागपूरला नेलं’ या दोन शब्दांत इकडे जी मनोरुग्णालयाची भीती भरलेली आहे, तिच्या वाटेला जाण्याचं कारण नाही. अडचण वेळेची आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका माणसाला मिळतात तेवढ्या मिनिटांत चाळीस वर्षांचा इतिहास मावत नाही. आठवड्यातून एक दुपार फक्त प्रौढांसाठी ठेवावी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि वऱ्हाडी नीट समजणारा एक समाजसेवक, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

आणि ती लवकर व्हायला हवी, कारण या निदानाचा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे माणसाची आई. तो बोलायला कधी लागला, बोट कसं धरायचा, कशाने रडायचा हे तिलाच ठाऊक. तिला तारखा आठवत नाहीत, पण कोणत्या पोळ्याला तो पळून आला, कुणाच्या लग्नात तो मांडवाबाहेर झोपला, नवे कपडे घालायला त्याने किती दिवस रडून काढले ते ती बिनचूक सांगते, आणि नेमकं तेच डॉक्टरला हवं असतं. १९८५ च्या मुलांच्या आया आज साठी-सत्तरीत आहेत.